पेटंट नेमकं कशाला मिळतं?

गोष्ट १९५८ सालची. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून हेलिंग आयलंड नावाचं बेट आहे. तिथे एका बारा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताने एक फळी तयार केली, तिच्यावर शीड बसवलं आणि सुट्टीच्या दिवशी त्या फळीवर उभा राहून तो पाण्यात फिरू लागला. साधारण दहा वर्षांनी अमेरिकेत दोघा जणांनी जवळपास तशीच फळी बनवली, तिचं रीतसर पेटंट घेतलं आणि त्यातून विंडसर्फिंग हा खेळ जगभर पसरला. पुढे पेटंट हाती असलेल्या कंपनीने एका प्रतिस्पर्ध्याला ब्रिटनच्या कोर्टात खेचलं, तेव्हा त्या मुलाची फळी पुरावा म्हणून पुढे आली. १९८० च्या दशकात अपील कोर्टाने ते पेटंट बाद ठरवलं.

मुलाने काही लिहून ठेवलं नव्हतं, विकलंही नव्हतं. आपण काही शोध लावतोय हे त्याच्या गावीही नसावं. पण किनाऱ्यावरून जाणाऱ्या कुणालाही ती फळी पाहता येत होती आणि कायद्याला तेवढं पुरलं.

मला हा खटला आवडतो, कारण पेटंटबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज तो एका फटक्यात दूर करतो. डोक्यात भन्नाट कल्पना आली की पेटंट मिळतं, असं आपल्याला वाटत असतं. पेटंट कार्यालय मात्र कल्पना किती भन्नाट आहे हे विचारतच नाही. तुम्ही कागदावर जे वाक्य लिहून दिलंय त्यात सांगितलेली गोष्ट तुमच्या अर्जाच्या तारखेआधी जगाला माहीत होती का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. बाकीचे प्रश्नही त्या वाक्याभोवती आणि त्या तारखेभोवतीच फिरतात.

आधी एक भाषेची अडचण. मराठीत आपण 'शोध' हा एकच शब्द दोन कामांना वापरतो. गुरुत्वाकर्षणाचा शोध आणि वाफेच्या इंजिनाचा शोध. पहिली गोष्ट निसर्गात होतीच, ती कुणाच्या तरी लक्षात आली. दुसरी आधी नव्हती, ती कुणीतरी घडवली. पेटंटचा कायदा या दोन अर्थांच्या मधोमध रेघ ओढतो. निसर्गात सापडलेल्याला पेटंट नाही, माणसाने घडवलेल्याला मिळू शकतं. ही रेघ नेमकी कुठून जाते यावर मात्र गेली पावणेदोनशे वर्षं भांडणं चालू आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

आधी सौदा समजून घेऊ

पेटंट या शब्दाच्या मुळाशी 'उघडं' असा अर्थ आहे. राजा सर्वांना उद्देशून जे पत्र काढायचा, ज्याचं मोहोरबंद पाकीट नसायचं, ते उघडं पत्र. आजचं पेटंट हासुद्धा उघडेपणाचाच सौदा आहे. शोध लावणारा आपली युक्ती संपूर्णपणे जगासमोर लिहून ठेवतो. त्याच्या बदल्यात सरकार त्याला ठराविक काळापुरता इतरांना अडवण्याचा हक्क देतं. हा काळ आता बहुतेक देशांत अर्ज केल्यापासून २० वर्षांचा आहे. तो संपला की युक्ती सर्वांची.

व्हेनिसने १४७४ मध्ये असा कायदा केला तेव्हा मुदत १० वर्षांची होती. त्या कायद्यातली भाषा आजही ओळखीची वाटते. वस्तू नवी हवी, कल्पक हवी आणि प्रत्यक्ष वापरता येईल इतकी तयार झालेली हवी. १९९५ पासून लागू असलेल्या 'ट्रिप्स' या जागतिक करारात हेच तीन निकष आहेत: नावीन्य, कल्पकतेची पायरी आणि औद्योगिक उपयोग. फरक एवढाच, की व्हेनिसला 'आमच्या राज्यात नवी' एवढं पुरत होतं. आज ती जगात नवी असावी लागते.

आता ते वाक्य. पेटंटच्या अर्जाच्या शेवटी क्रमांक घातलेले दावे असतात. वकील मंडळी त्यांना क्लेमच म्हणतात. प्रत्येक दावा एकाच वाक्याचा असतो, मग ते वाक्य अर्धं पान का भरेना. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, तसंच हे काम: माझी हद्द इथून इथपर्यंत. वर्णन, आकृत्या, प्रस्तावना यांत काहीही लिहिलेलं असो, हक्क मिळतो तो या हद्दीपुरता आणि तपासणी होते तीही याच हद्दीची. एडिसनला 'विजेचा दिवा' या गोष्टीचं पेटंट मिळालं असं सर्रास सांगतात. विजेवर तापून उजळणारे दिवे त्याच्या आधीही बनले होते. १८८० च्या त्याच्या पेटंटमधला दावा होता तो जास्त विद्युतरोध असलेल्या कार्बनच्या बारीक तंतूचा आणि तो तंतू हवा काढून घेतलेल्या, पूर्णपणे काचेच्या फुग्यात बसवण्याचा. दिवा जुना, हद्द नवी.

नवं म्हणजे किती नवं?

नावीन्याची कसोटी ऐकायला सोपी आहे. दाव्यातले सगळे घटक अर्जाच्या तारखेआधी कुठल्या तरी एकाच ठिकाणी, एकत्र, जाहीर झालेले असतील तर दावा नवा नाही. ते ठिकाण म्हणजे कुठल्याही भाषेतला लेख असेल, जुनं पेटंट असेल, प्रदर्शनात मांडलेलं यंत्र असेल, नाहीतर एखाद्या मुलाची फळी. ते किती लोकांनी पाहिलं याला महत्त्व नाही, पाहता येणं शक्य होतं का याला आहे.

यात किती बारकावा असू शकतो याचं माझं आवडतं उदाहरण कॉर्सेटचं, म्हणजे कंबर आवळण्यासाठी बायका कपड्यांच्या आत घालायच्या त्या घट्ट वस्त्राचं आहे. १८५५ मध्ये एका अमेरिकन माणसाने कॉर्सेटमध्ये घालायच्या पोलादी पट्ट्यांची सुधारित जोडी बनवली आणि आपल्या मैत्रिणीला दिली. तिने ती वर्षानुवर्षं वापरली. पुढे दोघांचं लग्न झालं. पेटंटचा अर्ज त्याने केला १८६६ मध्ये. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १८८१ मध्ये कोर्टाने सांगितलं, की हा 'सार्वजनिक वापर' होता. वापरणारी व्यक्ती एकच, वस्तू कपड्यांच्या आत, बाहेरच्या कुणाच्या नजरेला पडण्याची शक्यता शून्य, तरी सार्वजनिक! कारण देताना त्याने तिच्यावर गुप्ततेचं कसलंही बंधन घातलं नव्हतं. एका न्यायमूर्तींना हे पटलं नाही आणि त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण नियम राहिला: वस्तू दिसते का हा प्रश्न नाही, ती गुपित म्हणून दिली होती का हा आहे.

याचा व्यवहारातला अर्थ बोचरा आहे. तुमच्या शोधाचं नावीन्य बहुतेक वेळा तुम्हीच घालवता. परिषदेत निबंध वाचला, व्हिडिओ टाकला, ओळखीच्या चार ग्राहकांना नमुना विकला, की संपलं. अमेरिकेत आणि जपानमध्ये स्वतःच्या अशा प्रकटीकरणानंतर एका वर्षाची सवलत मिळते. युरोपात ती जवळपास नाहीच. भारतात ठराविक प्रदर्शनं किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच १२ महिन्यांची सवलत आहे. म्हणून जाणकार एकच सल्ला देतात: आधी अर्ज, मग बोलणं. आणि अर्जाआधी कुणाला दाखवणं अगदीच भाग असेल तर गुप्ततेचा लेखी करार करून दाखवा.

लेखी पुराव्याचं वजन किती असतं हे हळदीच्या प्रकरणात दिसलं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. भारतात ऐकणाऱ्याला हसू यावं अशीच ही गोष्ट. पण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात एक मेख होती. परदेशातला नुसता वापर, तो कितीही जुना आणि घरोघरचा असो, नावीन्य मोडायला चालत नव्हता. छापील किंवा लिखित दाखला हवा होता. म्हणून 'सीएसआयआर' या भारतीय वैज्ञानिक संस्थेने पेटंटची फेरतपासणी मागताना आजीचा बटवा पुढे केला नाही. तिने ग्रंथांतले उतारे आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख सादर केला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. अमेरिकेने हा नियम पुढे बदलला. मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना जगात कुठेही झालेला सार्वजनिक वापर आडवा येतो.

नवं आहे, पण त्यात काय मोठंसं?

नावीन्याच्या चाळणीतून बरंच काही निसटतं. दोन जुन्या गोष्टी कुणी कधी एकत्र केल्या नसतील तर ती जोडी नवीच म्हणायची. पण अशा प्रत्येक जोडीला २० वर्षांची मक्तेदारी दिली, तर रोजचं काम करणाऱ्या कारागिराला हात हलवणं अवघड होईल. म्हणून दुसरी चाळणी लावतात, कल्पकतेच्या पायरीची. त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला, आधीचं सगळं ज्ञान समोर असताना, हे सहज सुचलं असतं का?

हा 'जाणकार' मोठा गमतीदार माणूस आहे. त्याने आपल्या क्षेत्रातलं जगातलं सगळं वाचलेलं असतं. हात कसलेले असतात. पण स्वतःची प्रतिभा अजिबात नसते. तो अर्थातच कुणी खरा माणूस नाही, कायद्याने मोजमापासाठी तयार केलेलं बुजगावणं आहे.

मागच्या टोकाला खोडरबर असलेली पेन्सिल तुम्ही वापरलीच असेल. तिचं पेटंट १८५८ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. १८७५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते मोडीत काढलं. पेन्सिल पेन्सिलीचंच काम करते, रबर रबराचंच. एकत्र आल्यामुळे दोघांपैकी कुणीही वेगळं काही करत नाही. सोय झाली हे खरं, पण कोर्टाच्या नजरेत नुसती सोय म्हणजे शोध नाही. त्याआधी १८५१ मध्ये दरवाजाच्या मुठीवरून हाच वाद झाला होता. लाकडाच्या किंवा धातूच्या मुठीऐवजी तशीच मूठ चिनी मातीची केली, एवढाच बदल. कोर्ट म्हणालं, ही कुशल कारागिराची कामगिरी आहे, शोधकाची नव्हे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये भांडी लेथवर धरायच्या साधनाचं पेटंट रद्द करताना हीच रेघ ओढली: कारखान्यात काम करता करता होणारी साधी सुधारणा पेटंटला पुरत नाही.

मग जुन्या घटकांच्या जोडीला पेटंट मिळतच नाही का? मिळतं, आणि त्याचं उत्तम उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक बॅटरी आहे. ॲडम्स नावाच्या माणसाने मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड हे दोन माहीत असलेले पदार्थ घेऊन, नुसतं पाणी घातलं की चालू होणारी बॅटरी बनवली. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञांनी ती पाहून हे चालणारच नाही असं मत दिलं. पुढे त्याच सरकारने ती वापरली आणि हे तर कुणालाही सुचलं असतं म्हणून पैसे द्यायला नकार दिला. १९६६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ॲडम्सच्या बाजूने कौल दिला. ज्या गोष्टीला तज्ज्ञांनी अशक्य म्हटलं ती सहज सुचण्यासारखी कशी असेल? पेन्सिल आणि बॅटरी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत जुनेच घटक आहेत. फरक असा, की बॅटरीत त्यांनी एकत्र येऊन जाणकारांच्या अपेक्षेला छेद दिला.

या चाळणीचा खरा शत्रू म्हणजे मागाहून आलेलं शहाणपण. उत्तर ऐकल्यावर कुठलंही कोडं सोपंच वाटतं. म्हणून युरोपातले परीक्षक ठरलेल्या क्रमाने जातात. आधीच्या ज्ञानातलं सर्वांत जवळचं काय ते शोधायचं, फरक काढायचा, त्या फरकाने कोणता तांत्रिक प्रश्न सुटला ते ठरवायचं आणि मग विचारायचं, की जाणकाराने हे केलंच असतं का. नुसतं 'करू शकला असता का' असं विचारायचं नाही, कारण शक्य तर पुष्कळ काही असतं. ब्रिटनमध्ये वापरली जाणारी चार टप्प्यांची पद्धत तर त्या विंडसर्फिंगच्या खटल्यातूनच आली आणि आजही ती त्याच नावाने ओळखली जाते.

दारातच अडवल्या जाणाऱ्या गोष्टी

नवी आहे, कल्पक आहे, तरी पेटंट नाही. असं कधी होतं? ती गोष्ट मुळात पेटंटच्या प्रांतातलीच नसेल तेव्हा. निसर्गनियम, गणित, नुसत्या अमूर्त कल्पना, खेळांचे नियम, कलाकृती. कलाकृतींना कॉपीराइट असतो, तो वेगळा विषय.

तारयंत्रवाल्या मोर्सने इथेच ठेच खाल्ली. आपल्या यंत्राच्या रचनेचे दावे त्याने केले, ते टिकले. पण आठव्या दाव्यात त्याने विद्युतचुंबकीय शक्तीने कितीही अंतरावर अक्षरं उमटवण्याचा संपूर्ण हक्कच मागितला, यंत्र कुठलंही असो. १८५४ मध्ये कोर्टाने तो दावा फेटाळला. तो मान्य झाला असता तर पुढे कुणी मोर्सच्या यंत्राचा एकही भाग न वापरता वेगळ्याच पद्धतीने संदेश पाठवला, तरी त्याला मोर्सच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

सजीवांच्या बाबतीत तर ही रेघ सतत हलत राहिली आहे. आनंदमोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने खनिज तेलाचे अनेक घटक पचवू शकणारा जिवाणू तयार केला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी त्याला पेटंट मान्य केलं, कारण असा जिवाणू निसर्गात नव्हता. २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकांचा प्रश्न आला. शरीरातून नुसतं वेगळं काढलेलं जनुक निसर्गाचंच, त्याला पेटंट नाही. पण प्रयोगशाळेत रचलेला, निसर्गात त्या रूपात नसणारा डीएनए चालेल, असं ठरलं. कर्करोगाच्या संशोधनासाठी जनुक बदलून तयार केलेला हार्वर्डचा उंदीर तर देशोदेशी फिरला. अमेरिकेने त्याला १९८८ मध्ये पेटंट दिलं, युरोपने बराच काळ घोळ घालून मर्यादित रूपात दिलं, कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये प्राण्यालाच नकार दिला. उंदीर एकच, उत्तरं तीन. 'जागतिक पेटंट' नावाची वस्तू अस्तित्वात नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

सॉफ्टवेअरचंही तसंच. भारतात 'नुसत्या' संगणक-प्रणालीला पेटंट नाही, युरोपातही शब्दरचना बरीचशी तशीच आहे. अमेरिकेत २०१४ पासून नियम असा, की जुनी आर्थिक व्यवहाराची कल्पना घेऊन 'हे संगणकावर करा' एवढंच जोडलं तर चालणार नाही. सगळी लढाई त्या 'नुसत्या' शब्दाभोवती. प्रणालीमुळे यंत्राच्या कामात काही तांत्रिक फरक पडतो का, हे दाखवता आलं तर दार किलकिलं होतं.

भारताच्या कायद्यात ३(ड) नावाने गाजलेलं एक कलम आहे. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, त्याचा गुण वाढत नसेल तर, शोध मानायचं नाही. रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिब औषधाच्या एका स्फटिकरूपाला याच कलमाखाली २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. औषधाचा गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण, असा अर्थ न्यायालयाने लावला. औषध कंपन्यांना हे कलम खुपतं. मला ते समंजस वाटतं: जुनं रसायन नव्या पोशाखात आलं तर त्याने आधी काही जास्त करून दाखवावं.

औद्योगिक उपयोगाच्या निकषावर फारसं अडत नाही. प्रत्यक्षात बनवता किंवा वापरता आलं की झालं. कुठल्याही ऊर्जेविना अखंड चालणारी यंत्रं घेऊन येणारे मात्र इथे धडकतात. अमेरिकेचं कार्यालय अशा अर्जदाराकडून चालतं मॉडेल मागू शकतं, आणि बोलणं तिथेच थांबतं.

सांगणं पुरेसं हवं

शेवटी पुन्हा तो सौदा. हद्द जेवढी मागाल तेवढी युक्ती उघडी करून द्यायला हवी. वाचणाऱ्या जाणकाराला फार धडपड न करता ती वस्तू बनवता आली पाहिजे. एडिसनचे प्रतिस्पर्धी सॉयर आणि मॅन यांनी कार्बन केलेला कागद दिव्यात वापरून पाहिला होता. पेटंटमध्ये मात्र त्यांनी दावा केला सगळ्याच तंतुमय आणि कापडी पदार्थांवर. एडिसनने हजारो वनस्पती तपासल्या होत्या, बहुतेक निकामी निघाल्या आणि अखेर बांबूच्या एका विशिष्ट जातीचा तंतू त्याला मनासारखा सापडला. बांबू तंतुमयच, तेव्हा तोही आमच्या हद्दीत, असं म्हणत सॉयर आणि मॅन यांचं पेटंट एडिसनच्या दिव्यांविरुद्ध वापरण्यात आलं. १८९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. कागद तंतुमय पदार्थांच्या राज्यातला आहे म्हणून कागदवाल्यांना त्या सगळ्या राज्याची मालकी मिळत नाही. त्यांचं पेटंट वाचून कुणी दिवा बनवायला बसला असता, तर बांबू त्याचा त्यालाच शोधावा लागला असता.